हार्ड डिस्क कुरकुरू लागल्यास पाळावयाचे नियम

खराडीतील तमाम सभासदांस कळविण्यात येते की, घरच्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क टकटक करू लागल्यास सर्वप्रथम शेजारच्या सॉफ्टवेअर इंजिनिअरला बोलावू नये. नियम कठोर वाटेल, पण अनुभवसिद्ध आहे. आमच्या सोसायटीत मजल्यागणिक इंजिनिअर आहेत. सकाळी ते इऑन आयटी पार्क नाहीतर वर्ल्ड ट्रेड सेंटरकडे निघाले की लिफ्ट मिळत नाही. त्यांतल्या एकानेही आयुष्यात कॅबिनेटचा स्क्रू काढलेला नसतो. बोलावलं की येतो बिचारा, चहा घेतो, मान तिरपी करून आवाज ऐकतो आणि विचारतो, "काका, रिस्टार्ट करून बघितलं?" बघितलेलं असतं. मग तो सांगतो, मी क्लाउडवर आहे.

असेलही. परम 8000 हा महासंगणक 1991 साली याच पुण्यात घडला आणि मायक्रोसॉफ्टने 2015 साली भारतात क्लाउडची केंद्रं उघडली त्यांतलं एक पुण्यातच आहे. साऱ्या जगाचा डेटा आपण डोळ्यांत तेल घालून सांभाळतो. मुलाच्या बारशाचे फोटो तेवढे एकाच डिस्कवर, 'न्यू फोल्डर (3)' मध्ये असतात.

तर लक्षणे. डिस्कची तबकडी मिनिटाला 5400 किंवा 7200 फेरे घेते. त्याची एकसुरी घरघर निरोगी समजावी. ठरावीक अंतराने टक्... टक्... असं येत असेल, तर आतल्या वाचणाऱ्या हेडला बहुधा आपली जागा सापडत नाहीये आणि ते पुन्हापुन्हा माघारी येतंय. आवाज नसेल, पण साधा फोल्डर उघडायला मिनिट लागत असेल, तर 'क्रिस्टलडिस्कइन्फो' हे फुकट मिळणारं जपानी सॉफ्टवेअर चालवावे. निळा रंग ठीक, पिवळा वाईट, लाल म्हणजे आटोपतं घ्या. त्यात तीन ओळी बघाव्यात. 05 म्हणजे बाद करून राखीव जागेत हलवलेले सेक्टर. सी5 म्हणजे वाचता न आलेले, निकालाची वाट बघणारे. आणि सी7 वाढत असेल, तर अनेकदा डिस्क निर्दोष असून केबल सैल किंवा खराब असते. ती स्वस्तात मिळते, आधी ती बदलावी. हे आकडे मुळात षोडशमान पद्धतीत दिसतात, तेव्हा 10 दिसल्यास सोळा समजावेत. इंजिनिअरला हे माहीत असतं, पण तो तिथवर पोचतच नाही. त्याने तोवर 'सीएचकेडीएसके' सुरू केलेलं असतं.

ते आधी थांबवावे! ती आज्ञा पूर्ण स्वरूपात दिली की डिस्क पहिल्या सेक्टरपासून शेवटच्यापर्यंत रगडली जाते, आणि मोडकळीला आलेली डिस्क त्यातच मान टाकू शकते. डीफ्रॅग नको, अँटीव्हायरसचा स्कॅन नको. हा व्हायरस नाही हो, लोखंड झिजलंय.

कॉपी करण्याचा क्रम: आधी कागदपत्रे, मग फोटो, मग गाणी. सिनेमे सोडून द्यावेत, ते पुन्हा मिळतात. व्हॉट्सअॅपवरून आलेले सुप्रभातचे गुलाब कुणीतरी जपून ठेवलेले असतात आणि नेमके तेच विनासायास कॉपी होतात.

डिस्क फ्रीजरमध्ये ठेवू नये. आत दव धरते.

उघडूनही पाहू नये. हेड तबकडीवरून काही नॅनोमीटर उंचीवर तरंगत जातं. माणसाचा केस त्याच्या हजारो पट जाड असतो. त्यात आपण खराडीत राहतो. समोर टॉवर, मागे टॉवर, रस्त्यावर डंपर. संध्याकाळी बाल्कनीच्या कठड्यावर बोटाने नाव लिहिता येतं. अशा हवेत डिस्कचं झाकण काढणाऱ्याला माझा साष्टांग नमस्कार.

कॉपी मधेच अडकू लागली, तर मात्र पहिला नियम स्थगित समजून शेजाऱ्याला बोलवावे. लिनक्समध्ये 'डीडीरेस्क्यू' म्हणून एक साधन आहे. ते आधी धड भाग उचलून घेतं, खराब जागा बाजूला ठेवतं, मग त्यांच्याकडे वळतं. आणि कुठवर आलो याची नोंद ठेवतं, त्यामुळे गुरुवारी दुरुस्तीसाठी लाईट गेली तरी पुन्हा पहिल्यापासून करावं लागत नाही. काळी खिडकी उघडली की या पोराचा चेहराच बदलतो. हाफ पँटवर येतो, जुनी डिस्क कोणती आणि नवी कोणती हे दोनदा विचारून घेतो (उलट झालं तर सगळं पुसलं जातं), आणि दुसऱ्या दिवशी सकाळची मीटिंग असूनही मध्यरात्र उलटेपर्यंत टक्क्यांकडे बघत बसतो. त्याला चहा विचारावा. पोहेसुद्धा करावेत.

डिस्क टकटकते आहे आणि बायोसमध्ये दिसतही नाही, असं असेल तर पुन्हापुन्हा चालू करून बघू नये; सरळ डेटा रिकव्हरीच्या प्रयोगशाळेत न्यावी. तिथला खर्च डिस्कच्या किमतीच्या कित्येक पट होऊ शकतो, म्हणून तपासणीचे पैसे वेगळे का, हे आधी विचारावे आणि पूर्ण रक्कम देण्यापूर्वी सापडलेल्या फाईलींची यादी मागावी. भीड बाळगू नये.

जुनी डिस्क भंगारवाल्याच्या गाडीवर टाकू नये. क्विक फॉरमॅटने आतलं पुसलं जात नाही. आधार कार्डं, पत्रिका, गृहकर्जाचे कागद, सगळं जागच्या जागी असतं. तबकडीतून ड्रिलने आरपार भोके पाडावीत. इथे शेजाऱ्याचा उपयोग नाही, त्याच्याकडे ड्रिल नसतं.

राहता राहिली वॉरंटी. बिल सापडलंच तर कंपनी डिस्क बदलून देते, तीही पुष्कळदा दुरुस्त केलेली. आतले फोटो वॉरंटीत येत नाहीत.