आकड्यांची हौस

फिनलंडच्या कोलॉसल ऑर्डर कंपनीने २०२३ साली ‘सिटीज: स्कायलाइन्स २’ हा शहर उभारण्याचा गेम आणला. शहर कसंही चालवा, तोटा भरून काढायला सरकारी अनुदान हजर! जून २०२४च्या अपडेटने ते काढून घेतलं, तेव्हा कुठे महापौर बनलेल्या खेळाडूंना हिशेब आठवला. हौशी मंडळींना मात्र गेममधले आकडे पुरेनात. त्यांच्यासाठी ‘इन्फोलूम’ नावाचा मॉड, म्हणजे गेमला जोडायची चाहत्यांची पुरवणी, आहे. अशिक्षितांपासून उच्चशिक्षितांपर्यंत पाच पायऱ्यांची बेरोजगारी त्यात वेगवेगळी दिसते. दिवसभर ऑफिसात एक्सेलच्या नावाने बोटं मोडणारा गडी रात्री दोन वाजता पाचव्या पायरीवरचे लोक रिकामे का, याचा तक्ता चाळत बसतो. या शहरात आकडे दडपणारं कोणी नाही, समिती नेमायची सोय नाही, खापर फोडायला मागचं सरकारही नाही. याला खेळ म्हणतात, ते उगीच नाही.