घरबसल्या जगाचे व्होल्टेज

परदेशी निघताना तिथले व्होल्टेज तपासावे, असे शहरी जाणकार सांगतात. जाफराबाद तालुक्यातल्या उमेदवारांना ही तसदी नको. त्यांची तयारी घरपोच होते. कागदावर पुरवठा २३० व्होल्टचा, फार तर ६ टक्के इकडेतिकडे. प्रत्यक्षात शिवारातल्या मोटारी सुरू झाल्या की बल्बची तार लालसर होते, पंख्याची पाती मोजता येतात आणि माजघरात अमेरिकेचे १२० व्होल्ट अवतरतात. आणखी वीस व्होल्ट पडले की जपानचे १००. मध्यरात्री मोटारी थांबल्या की थेट इंग्लंड, तेही जरा जास्तच. व्हिसा लागत नाही.

मोबाइलच्या चार्जरवर बारीक अक्षरांत ‘१०० ते २४० व्होल्ट’ छापलेले असते. इथल्या पूर्णेकाठी चार रात्री काढल्याशिवाय कारखानदाराला हे सुचणे अशक्य.

राहिला प्रश्न पिनांचा. इंग्रजांनी १९४७ मध्ये देश सोडला आणि त्याच वर्षी मायदेशासाठी चौकोनी पिनांचा प्लग ठरवला. गोल पिना आपल्याकडे राहिल्या. हरकत नाही. सोललेली वायर भोकात घालून वर आगकाडी ठोकली की कोणत्याही देशाचे यंत्र चालते. या काडीला आंतरराष्ट्रीय मानक जाहीर करावे आणि तालुक्याला परदेशगमन प्रशिक्षण केंद्राचा दर्जा द्यावा, ही नम्र विनंती.

अभ्यासक्रमात एकच उणीव आहे. तिकडे लाइट जातच नाही म्हणतात. त्यासाठी कोणते अ‍ॅडॉप्टर लागते, हे इथल्या एकाही दुकानदाराला सांगता येत नाही.