मधल्या वारांचा पाहुणा

गुहागर, दापोली, हर्णै या पट्ट्यात नारळी-पोफळीच्या वाडीत बांधलेल्या दोन खोल्या, एक पडवी आणि एक झोपाळा एवढ्या ऐवजाला हल्ली कॉटेज म्हणतात. शनिवारी ते भरते. त्यात मालकाचे कर्तृत्व काही नसते. पुण्या-मुंबईच्या माणसाला शनिवारी स्वतःच्या घरात करमत नाही, एवढेच त्याचे कारण. वर्षाच्या ३६५ रात्रींपैकी शुक्रवार-शनिवारच्या रात्री साधारण १०४. उरलेल्या २६१ रात्री कॉटेजच्या पडवीत मालकाचा कुत्रा ऐसपैस झोपतो. बुकिंग वाढवणे म्हणजे या कुत्र्याचे पुनर्वसन करणे.

त्यासाठी बुकिंग ठरते कसे, हे आधी पाहावे लागते. फोटो पाहणारा एक असतो, पैसे भरणारा दुसरा आणि नकार देणारे पाच-सहा. कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर कॉटेजची लिंक पडली की प्रश्न सुरू होतात. आजोबांना कमोड हवा असतो. आजींना खोलीपर्यंत पायऱ्या किती, ते कळायला हवे असते. नवी गाडी घेतलेल्या मेहुण्यांना शेवटच्या वळणावर गडग्याला गाडी घासणार तर नाही ना, ही चिंता असते. पुतण्याला रेंज हवी असते आणि सूनबाईंना तिथे तरी स्वयंपाक करावा लागू नये, एवढेच हवे असते. समुद्राविषयी कोणीही विचारत नाही. तो तिथे असणारच, यावर सगळ्यांचा विश्वास असतो.

मालक मात्र सूर्यास्ताचे आठ फोटो टाकतो. सूर्य गुहागरला मावळतो तसाच तो हर्णैला आणि मुरुडलाही मावळतो. त्यावरून खोली निवडता येत नाही. फोटोंचे महत्त्व एअरबीएनबीच्या संस्थापकांना २००९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये कळले. तिथल्या घरमालकांनी टाकलेले फोटो इतके अंधारे होते की हे लोक चांगला कॅमेरा भाड्याने घेऊन स्वतः घरोघर फिरले आणि त्यानंतर बुकिंग वाढले. कोकणात अंधाराचा प्रश्न नाही, टॉवेलचा आहे. पलंगावर टॉवेलचा हंस करून ठेवण्याची प्रथा कुठून आली कोण जाणे, पण फोटोत हंस पहिला आणि खोली त्याच्या मागे असते. आजोबांचा निकाल हंसावर लागत नाही. सकाळच्या उजेडात काढलेला कोरड्या, स्वच्छ बाथरूमचा एक फोटो, फाटकातून आत येऊन उभ्या राहिलेल्या गाडीचा एक आणि उशाशी असलेल्या चार्जिंगच्या प्लगचा एक, एवढ्या तीन फोटोंत निम्मा गट गप्प होतो.

वर्णन लिहिताना मालकाची लेखणी मोकाट सुटते. ‘समुद्र हाकेच्या अंतरावर’ असे लिहिताना हाक कोणाची, हे सांगितलेले नसते. ‘किनारा चालत सात मिनिटे, वाट वाळूची, रात्री बॅटरी लागते’ हे वाक्य रुक्ष आहे, पण त्यावर आजींचा विश्वास बसतो. उणिवा आधीच सांगून टाकणारे कॉटेज जास्त चालते, हे नव्या मालकांना पटत नाही. डास आहेत, मच्छरदाणी आहे. वीज जाते, इन्व्हर्टर आहे. घाटात उलटी होते, त्याला मालकाचा इलाज नाही. रस्ता झाला का, हा प्रश्न येतोच. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाचे काम २०११ मध्ये सुरू झाले. तेव्हा मागच्या सीटवरून ‘अजून किती लांब?’ विचारणारी मुले आता स्वतः गाडी चालवत येतात. त्यांना खरे काय ते सांगावे आणि दाभोळ-धोपावे फेरीबोटीची वेळ कळवावी. गाडीसकट खाडी ओलांडायची म्हटल्यावर पोरेटोरे लगेच तयार होतात.

चौकशीचा संदेश बहुधा एकाच शब्दाचा असतो : ‘रेट?’ तो दुपारी दोनला येतो आणि मालक जेवून आडवा झालेला असतो. चारला उठून, चहा घेऊन, वाडीतले शिंपणे आटोपून तो उत्तर पाठवतो, तोवर चौकशी करणारा दिवेआगरला आगाऊ रक्कम भरून मोकळा झालेला असतो. तारखांचा घोळ याहून वाईट. एक नोंद संकेतस्थळाच्या कॅलेंडरात असते, दुसरी स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर दुधाच्या हिशेबाशेजारी आणि तिसरी मालकाच्या मुंबईतल्या भावाच्या तोंडी आश्वासनात. तिन्हींची गाठ पडते ती शनिवारी रात्री साडेनऊला, अंगणात, दोन गाड्यांच्या दिव्यांच्या उजेडात. तेव्हा मालकाचे कुटुंब ओटीवर झोपते आणि पाहुणे माजघरात. संकेतस्थळांची कॅलेंडरे एकमेकांना जोडता येतात. कालनिर्णय आणि भाऊ मात्र कशालाच जोडता येत नाहीत, म्हणून तारीख ठरवण्याचा अधिकार घरात एकाच माणसाकडे असावा. तो बहुधा वहिनींकडे असलेला बरा.

आता मधले वार. दर पाडला की मंगळवारी गर्दी होईल, हा गैरसमज आहे. ज्याला रजा नाही तो फुकटही येत नाही. मंगळवारी कोण येऊ शकतो, ते शोधावे लागते. निवृत्त मंडळी येतात. त्यांना शनिवारची गर्दी आणि गाणी नको असतात, आणि जेवण साडेसातला हवे असते. कुलदैवताला येणारे येतात. गुहागरचा व्याडेश्वर कित्येक चित्पावन घराण्यांचे कुलदैवत. देव शंकर असल्याने त्याचा वार सोमवार, म्हणजे कॉटेजवाल्याच्या दृष्टीने देवानेच सोय केलेली. नवे जोडपे, मागोमाग दोन्हीकडचे आईवडील, कधी एखादी आत्याही. ‘अभिषेकासाठी गुरुजींशी बोलून ठेवू, सोवळ्याची सोय आहे’ ही एक ओळ जाहिरातीत घातली तर आत्याबाईसुद्धा दर विचारत नाहीत.

कासवांचेही असेच. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या चिपळूणच्या संस्थेने २००२ पासून ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखली, गावकऱ्यांनी आपली घरे पाहुण्यांना उघडून दिली आणि कासव महोत्सव नावारूपाला आला. अंडी फुटायला साधारण दीड-दोन महिने लागतात, आणि पिल्ले शनिवार-रविवार बघून बाहेर पडत नाहीत. फेब्रुवारी ते एप्रिल या काळात मधल्या वारी येणाऱ्याला ती तितकीच दिसतात, शिवाय पुढे उभे राहिलेल्या डोक्यांची अडचण नाही. ‘पिल्लू नक्की किती वाजता निघेल?’ असे फोनवर विचारणाऱ्यांना मात्र सौम्यपणे उत्तर द्यावे.

लॅपटॉपवाला पाहुणा सर्वांत फायद्याचा. सोमवारी येतो, शुक्रवारी जातो, टेबल-खुर्ची आणि वायफाय यांपलीकडे काही मागत नाही. त्याच्या मीटिंगमध्ये कोंबडा आरवतो, तेवढे एक सांभाळावे लागते.

जेवणाबद्दल फार सांगायला नको. घावने, सोलकढी आणि सांगून ठेवलेले उकडीचे मोदक यांच्यापुढे गटातला शेवटचा विरोधकही नमतो. फक्त जून-जुलैत यांत्रिक मासेमारीला बंदी असते, तेव्हा ताजी सुरमई मिळेल असे लिहू नये. कुळथाच्या पिठल्याची जाहिरात करावी.

खरी अडचण ताऱ्यांची. मराठी पाहुणा जाताना मनापासून लिहितो : ‘जेवण उत्तम, परिसर स्वच्छ, काका-काकूंचे अगत्य घरच्यासारखे, पुन्हा नक्की येऊ.’ आणि तारे देतो चार. पैकीच्या पैकी गुण दिले की पोर बिघडते, हा आपल्याकडचा जुना सिद्धांत. एअरबीएनबीवर सुपरहोस्टचे बिरुद टिकवायला सरासरी ४.८ लागते. म्हणजे चौघांनी पाच-पाच तारे दिले तर पाचव्याने चार दिलेले जेमतेम खपतात. सहाव्यानेही चारच दिले तर बिरुद धोक्यात. त्यामुळे निरोपाच्या वेळी, कोकम आगळाची बाटली हातात देता देता, पाच तारे म्हणजे ‘फार छान’ नव्हे, नुसते ‘ठीक’, आणि चार म्हणजे नापास, हे समजावून सांगावे लागते. शाळामास्तर असलेल्या पाहुण्यांना हे पटत नाही. ते दशांशाची सोय का नाही, असे विचारतात. ‘रात्रभर समुद्राचा आवाज येतो’ म्हणून दोन तारे कापणाऱ्याशी वाद घालू नये. त्याची तक्रार वाचूनच पुढचे दोघे येतात.

भाद्रपदात हे सगळे शास्त्र गुंडाळून ठेवावे लागते. गणपतीला चाकरमानी भाऊ, बहिणी, त्यांची मुले आणि मुलांचे मित्र गावी उतरतात. दोन्ही खोल्या भरतात, पडवीत गाद्या पडतात, पंगत तीनदा उठते आणि बिल कोणालाच देता येत नाही. त्याच आठवड्यात संकेतस्थळाकडून मालकाच्या मोबाइलवर संदेश येतो : आपल्या भागात मागणी वाढली आहे, दर वाढवण्याचा विचार करावा.