फ्रीजच्या दारातल्या बाटलीबाईंना अनावृत पत्र

प्रति,
श्रीमती बाटलीबाई (डोळ्यांचे थेंब),
फ्रीजचं दार, वरचा कप्पा, लिंबाच्या लोणच्याशेजारी.

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

गेल्या पावसाळ्यात चिरंजीवांचे डोळे आले म्हणून आपण या घरात आलात आणि घरच्याच झालात. आजोबांचा डोळा चुरचुरला, दोन थेंब. वहिनींची पापणी सुजली, दोन थेंब. शेजारच्या काकू तर वाटीभर साखरेबरोबर आपल्यालाही उसनं घेऊन गेल्या. लाल डोळा कुणाचा आणि कशानं, हे आपण कधी विचारलं नाहीत. अशी समदृष्टी संतांनाच शोभावी!

विचारलं असतंत तर मात्र पंचाईत होती. आजोबा दिवसभर पंख्याखाली मोबाइलला डोळे लावून बसतात, पापणी लववायचं विसरतात. त्यांचा डोळा नुसता कोरडा पडलाय. वहिनींना रांजणवाडी झालेली, तिला हवा होता गरम शेक. चिरंजीव उन्हाळाभर दोन्ही डोळे चोळत शिंकतात, म्हणजे बहुधा ॲलर्जी. धूळ असेल, परागकण असतील, नाहीतर गाजरगवत असेल. त्या गवताची भारतातली सुरुवातीची नोंद 1955 च्या सुमारास पुण्यातलीच, तेव्हा पुणेकरांना तक्रारीला जागा नाही. सकाळी पापण्या पिवळ्या चिपडानं चिकटल्या, तर संशय जिवाणूंवर. इतक्या भानगडींत पडायला आपल्याला सवड कुठली?

आपला खरा पराक्रम साथीतला. जुलै 2023 मध्ये आळंदीत पोरांचे डोळे आले आणि बघता बघता राज्यभर काळे चष्मे दिसू लागले. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेनं नमुने तपासले तेव्हा एन्टेरोव्हायरस सापडला. याच कुळातल्या विषाणूनं 1969 मध्ये घानात अशी साथ आणली होती. त्याच वर्षी माणूस चंद्रावर उतरला, म्हणून दुखण्याला नाव पडलं अपोलो. 1971 मध्ये त्यानं मुंबईही गाठली. विषाणूपुढे आपल्यातल्या प्रतिजैविकाचं काही चालत नाही. डोळे बहुतेकदा आठ-पंधरा दिवसांत आपले आपण बरे होतात. श्रेय तेवढं आपण घेता, अगदी पाऊस पडल्यावर सत्कार घेणाऱ्या पुढाऱ्यासारखं.

शिवाय नुसत्या नजरेनं डोळे येत नाहीत. ते येतात हातानं, टॉवेलानं, उशीच्या अभ्र्यानं. आणि बाई, रागावू नका, पण आपल्या टोकानंही. एकाच्या पापण्यांना टेकलेलं ते टोक दुसऱ्याच्या डोळ्याशी जातं, तेव्हा औषधाबरोबर रोगही घरपोच होतो.

आता जरा खासगीतलं. भिंगातून आपलं लेबल वाचलं. आपल्या पोटात डेक्सामेथासोन आहे, म्हणजे स्टेरॉइड. लाली झटक्यात उतरते ती त्याच्या जोरावर. डॉक्टरांच्या देखरेखीखाली ते औषधच आहे. पण डोळ्यात हर्पिस असेल, तर तेच बुबुळावरची जखम पसरवतं. आठवडेच्या आठवडे घालत राहिलं, तर काही जणांत डोळ्याचा दाब वाढतो. दुखत नाही, खुपत नाही, आणि एक दिवस काचबिंदू निघतो. चिठ्ठीशिवाय विकू नये, उघडल्यावर महिन्याभरात संपवावी, हेही आपल्या अंगावर छापलेलं आहे. मेडिकलवाल्याकडे आम्ही ‘ते नेहमीचं डोळ्याचं द्या’ म्हणतो, तोही देतो, वाचायचं कुणी?

तेव्हा आपल्या प्रदीर्घ सेवेबद्दल आभार मानून आपल्याला आजपासून निवृत्त करण्यात येत आहे. लोणचं राहील.

आपला कृपाभिलाषी,
एक लाल डोळेवाला

ता. क. हे पत्र वाचणाऱ्या इतरांसाठी : डोळा नुसता लाल नसून दुखत असेल, उजेड सोसवत नसेल, अंधुक दिसत असेल किंवा तुम्ही कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल, तर लेन्स काढा आणि त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा.