वकिलाला वकील द्या हो!

आपल्याकडे राजकीय छळ होतच नाही, असं म्हणणाऱ्यांनी महाराष्ट्र शासनाची एक योजना जरूर पाहावी. आणीबाणीत तुरुंगवास भोगलेल्यांना शासन मानधन देतं. २०१८ साली योजना सुरू झाली. महिन्याहून जास्त आत काढलेल्यांना दरमहा १० हजार रुपये. २०२० साली सरकार बदललेलं होतं, कोरोनानं तिजोरी आटल्याचं कारणही हाताशी होतं, योजना बंद. २०२२ साली सरकार पुन्हा बदललं, योजना चालू. २०२५ साली रक्कम दुप्पट. म्हणजे १९७५ साली एका माणसाचा झालेला छळ २०१८ साली झाला होता, २०२० साली झाला नव्हता, २०२२ साली तो पुन्हा झाला आणि २०२५ साली तर दुप्पट झाला. इतिहास संशोधक मंडळानंही इतक्या झपाट्यानं इतिहास बदललेला नसेल.

तात्पर्य, छळ हा लोणच्यासारखा मुरावा लागतो. चाळीसेक वर्षं बरणीत राहिला की मग शाल, श्रीफळ, सत्कार आणि मानधन. ताज्या छळाला छळ म्हणायची पद्धत नाही. त्याला ‘कायदा आपलं काम करतो आहे’ असं म्हणतात. आणि छळ करणारं सरकार कधीही चालू नसतं, ते मागचंच असतं.

पंचाईत होते ती ज्यांचं प्रकरण अजून मुरलेलं नाही त्यांची. त्यांना शाल नको असते, वकील हवा असतो. घरचे तालुक्याच्या वकिलाकडे जातात. तो कागद उलटसुलट करतो, कलमं वाचतो आणि हळूच फाइल परत सरकवतो. “दुसरं काही असेल तर सांगा. हाफ मर्डर, बांधाचं भांडण, काहीही. हे यूएपीए नको.” मग कुणीतरी मानवी हक्कवाल्या संघटनेतल्या वकिलाचा नंबर देतं. तो वकील येतो, वकालतनाम्यावर सही घेतो आणि फी विचारली तर नको म्हणतो.

इथेच घोटाळा होतो. आमच्या कट्ट्यावर एक सेवानिवृत्त अधिकारी बसतात. त्यांचं मत पक्कं आहे. “अहो, फी घेत नाही म्हणजे याच्या मागे कोण आहे ते आधी बघा!” मराठी माणूस वर्षात दामदुप्पट देणाऱ्या कंपनीवर डोळे मिटून विश्वास टाकतो, पण फी न घेणाऱ्या वकिलावर टाकत नाही.

नागपूरच्या ॲड. सुरेंद्र गडलिंग यांनी हा संशय वर्षानुवर्षं ओढवून घेतला. विदर्भातले दलित, गडचिरोलीचे आदिवासी, नक्षलवादी म्हणून पकडलेली माणसं, ज्यांच्यासाठी कुणी उभं राहत नाही त्यांच्यासाठी हे उभे. ६ जून २०१८ रोजी पोलिसांनी एल्गार परिषदेच्या प्रकरणात त्यांनाच अटक केली. पुढे त्याच प्रकरणात सुधा भारद्वाज आणि अरुण फरेरा हे आणखी दोन वकील आत गेले. फरेरांची कारकीर्द तर अभ्यासण्यासारखी आहे. आधी आरोपी, मग सगळ्या खटल्यांतून निर्दोष, मग कायद्याची पदवी घेऊन वकील, मग पुन्हा आरोपी. एकाच प्रकरणात इतके वकील जमले की तुरुंगातच बार असोसिएशनची निवडणूक घ्यायला हरकत नव्हती. आता वकिलांसाठी वकील शोधायचे, आणि त्या वकिलांनी आपल्यासाठीही एखादा आधीच पाहून ठेवायचा.

गडलिंग यांचे एक अशील होते प्राध्यापक जी. एन. साईबाबा. नव्वद टक्के अपंगत्व, व्हीलचेअर आणि मुक्काम नागपूर तुरुंगातल्या अंडा सेलमध्ये. १४ ऑक्टोबर २०२२ रोजी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं त्यांना निर्दोष सोडलं. तो शुक्रवार होता. आपल्याकडे शुक्रवारी दुपारनंतर साधा सातबारा मिळत नाही. पण सरकारनं अशी धाव घेतली की दुसऱ्या दिवशी, शनिवारी, सर्वोच्च न्यायालयात खास पीठ बसलं आणि सुटकेला स्थगिती मिळाली. न्याय मंदगती आहे असं कोण म्हणतं? दिशा योग्य असेल तर तो सुट्टीच्या दिवशीही धावतो. ५ मार्च २०२४ रोजी त्याच खंडपीठानं त्यांना पुन्हा निर्दोष ठरवलं. तोवर एक आदिवासी सहआरोपी कैदेतच वारला होता. तो निर्दोष असल्याचं त्याला कळायचं राहिलं. साईबाबा बाहेर आले आणि त्याच वर्षी १२ ऑक्टोबरला गेले. अशील सुटले त्या दिवशी वकील मात्र आतच होते.

एल्गारच्या खटल्यात खरं काय, खोटं काय, ते न्यायालय ठरवेल, आम्ही ठरवणारे कोण? फक्त ठरवण्यासाठी खटला उभा राहावा लागतो. जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयानं रोना विल्सन आणि सुधीर ढवळे यांना जामीन दिला, तेव्हा त्यांच्या अटकेला साडेसहा वर्षं झाली होती आणि आरोप निश्चित व्हायचे होते. साक्षीदार तीनशेहून जास्त. या हिशेबानं निकाल लागेल तेव्हा साक्षीदारांनाही मानधन सुरू करावं लागेल.

मग इतकी वर्षं हे मानवी हक्कवाले वकील करत काय होते? विधी महाविद्यालयांनी अभ्यासक्रमात घ्यावं असं बरंच काही करत होते. २०२० च्या नोव्हेंबरात तळोजा तुरुंगात एल्गारच्याच प्रकरणातले आरोपी गौतम नवलखा यांचा चष्मा चोरीला गेला. घरच्यांनी दुसरा पोस्टानं पाठवला, तुरुंगानं पार्सल परत केलं. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. तुरुंग अधिकाऱ्यांसाठी आता कार्यशाळा घ्यायला हव्यात, असं न्यायमूर्तींना म्हणावं लागलं. घटनेचे भाष्यकार, मूलभूत हक्कांचे जाणकार, आणि मुद्दा काय, तर चष्मा.

पुढे त्याच नवलखांना पी. जी. वुडहाउसचं पुस्तक पाठवलं, तर सुरक्षेला धोका म्हणून तेही परत. एप्रिल २०२२ मध्ये उच्च न्यायालयाला हे हास्यास्पद वाटलं. आम्ही मात्र तुरुंग प्रशासनाच्या बाजूचे आहोत. ज्यांनी वुडहाउस वाचलाय त्यांना ठाऊक आहे की त्यातला जीव्हज नावाचा नोकर मालकाला कसल्याही लफड्यातून अलगद बाहेर काढतो. असा इसम बराकीत सोडणं धोक्याचंच. मच्छरदाणी नाकारण्याचंही तसंच. डासांनी कैद्यांना फोडून काढलं तरी चालेल, पण दोरीला धरून कुणी काही करून बसलं तर चौकशी लागते. डास चावल्याची चौकशी लागत नाही. प्रशासन चालवायचं तर असा विचार करावाच लागतो.

आणि त्याच प्रकरणातले फादर स्टॅन स्वामी. ८ ऑक्टोबर २०२० रोजी रांचीहून अटक झाली तेव्हा वय ८३. कंपवातानं हात इतके थरथरत की पेला धरता येत नसे. ६ नोव्हेंबरला वकिलांनी अर्ज केला, की पाणी पिण्यासाठी स्ट्रॉ आणि सिपर मिळावा. तपास यंत्रणेनं उत्तरासाठी वीस दिवस मागितले. एका नळीसाठी वीस दिवस. २६ नोव्हेंबरला उत्तर आलं, की आम्ही ती वस्तू जप्त केलेली नाही, सबब आमच्याकडे ती नाही. अर्ज फेटाळला गेला. वकिलांनी दुसरा अर्ज केला. मग तुरुंगाचं म्हणणं मागवण्यात आलं. दरम्यान ठिकठिकाणचे लोक पोस्टानं स्ट्रॉ पाठवू लागले. शेवटी महिनाभरानं त्यांना सिपर मिळाला. जामीन मिळाला नाही. ५ जुलै २०२१ रोजी उच्च न्यायालयात जामिनाचं प्रकरण सुनावणीला होतं आणि त्या सुनावणीतच, वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात ते वारल्याचं न्यायालयाला सांगण्यात आलं. या परिच्छेदात विनोद नाही. असला तर तो आमचा नाही.

जामिनाचं एवढं अवघड का? तर यूएपीएच्या, म्हणजे बेकायदेशीर कारवाया प्रतिबंधक कायद्याच्या, ४३-ड कलमात एक पोटकलम आहे. पोलिसांचे कागद पाहून आरोप सकृद्दर्शनी खरा वाटला, तर जामीन द्यायचा नाही. हे कलम आत्ताच्या सरकारनं घातलं असं समजून घोषणा देणाऱ्यांनी जरा थांबावं. ते २००८ सालचं, काँग्रेस आघाडीचं लेकरू आहे. मूळ कायदाही १९६७ चा, इंदिराबाईंच्या काळातला. आजच्या सरकारनं २०१९ मध्ये त्याला दूधतूप घालून धष्टपुष्ट केलं, इतकंच. कायद्यांच्या बाबतीत आपले पक्ष एकमेकांची पोरं फार प्रेमानं वाढवतात.

आणि बाजू बदलली की बोलणं बदलतं, हीही परंपरा जुनीच. १८९७ साली टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरला गेला. कलकत्त्याच्या मंडळींनी वर्गणी जमवून बॅरिस्टर धाडले. वर्गणीत रवींद्रनाथ ठाकूरही होते. आजच्या भाषेत याला बाहेरून आलेला निधी म्हणता येईल आणि टिळकांना नोटीस निघू शकेल. त्या वेळी टिळकांना जामीन मिळावा म्हणून हायकोर्टात युक्तिवाद केला बॅरिस्टर दिनशा दावर यांनी, आणि न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजींनी तो दिला. अकरा वर्षांनी टिळक पुन्हा राजद्रोहात अडकले. जामीन मागायला जिना उभे होते. न्यायासनावर दावर होते. जामीन नामंजूर, शिक्षा सहा वर्षं. खुर्ची उंच झाली की खालचा युक्तिवाद ऐकू येत नाही, मग तो आपणच केलेला का असेना.

खुद्द नेहरूंनी १९३६ साली पुढाकार घेऊन नागरी स्वातंत्र्य संघ काढला. अध्यक्ष रवींद्रनाथ, सोबत सरोजिनी नायडू. पुढच्या वर्षी प्रांतोप्रांती काँग्रेसची मंत्रिमंडळं आली आणि संघाचा आवाज बसू लागला. १९५० मध्ये, प्रजासत्ताक महिन्याभराचं होतं न होतं तोच प्रतिबंधक स्थानबद्धतेचा कायदा आला. आणीबाणीत जयप्रकाशजींनी आणि आपल्या सासवडच्या न्यायमूर्ती तारकुंड्यांनी १९७६ साली आजच्या पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेचं मूळ रोप लावलं. १९७७ साली जनता सरकार आलं, काल तुरुंगात असलेले मंत्री झाले आणि संघटना निपचित पडली. १९८० साली इंदिराबाई परतल्या, संघटना पुन्हा जागी झाली. मानवी हक्क ही विरोधी बाकावर बसल्यावर वापरायची वस्तू आहे, हे यावरून स्पष्ट होतं. सत्तेत ती अंगाला काचते.

गंमत म्हणजे गरिबांना मोफत कायदेशीर मदत द्यावी हे घटनेत लिहिलं कधी? कलम ३९-अ, बेचाळिसावी दुरुस्ती, साल १९७६. त्याच वर्षी एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयानं चार विरुद्ध एक अशा मतांनी सांगितलं होतं, की आणीबाणीत स्थानबद्ध माणसाला सुटकेसाठी कोर्टाची पायरी चढता येणार नाही. वकील फुकट, दरवाजा बंद. असा उदार काळ पुन्हा आला नाही.

राहता राहिला पैशाचा संशय. परदेशी देणगी घ्यायची तर २०२० पासून ती आधी दिल्लीत संसद मार्गावरच्या स्टेट बँकेच्या शाखेतच उतरली पाहिजे. कार्यालयीन खर्चाची मर्यादाही पन्नासवरून वीस टक्क्यांवर आली. म्हणजे वकिलांनी झाडाखाली बसून काम करावं, ऋषिमुनींप्रमाणे. त्याच वर्षी बँक खाती गोठल्यावर ॲम्नेस्टीनं भारतातलं काम आवरलं. पीयूसीएल मात्र परदेशी पैसा घेतच नाही, सभासदांच्या वर्गणीवर चालते. त्यामुळे तिचं नेमकं काय गोठवावं हा प्रश्न उरतो, आणि कट्ट्यावरचे आमचे अधिकारी त्यानं फार अस्वस्थ आहेत.

तेव्हा सर्वपक्षीय पुढाऱ्यांना हात जोडून विनंती. गेल्या काही वर्षांत तुमच्यातले कितीतरी जण वेगवेगळ्या यंत्रणांच्या पाहुणचाराला जाऊन आले, काही तर परत आल्यावर मंत्री झाले. जनसुरक्षा कायदाही २०२५ च्या जुलैत तुम्ही विधिमंडळात मंजूर करून ठेवलाय. सरकारं बदलतात, कायदा तिथेच राहतो, आणि त्याला पक्षाचं चिन्ह वाचता येत नाही. म्हणून खुर्चीत आहात तोवरच, आजच, एखाद्या नागरी हक्क संघटनेची वर्गणी भरा आणि पावती जपून ठेवा. तालुक्याचा वकील तुमचीही फाइल परत सरकवणार आहे.