पंखा फिरला पाहिजे

कुर्ल्याच्या बाजूला घर बघायला आलेल्या गिऱ्हाइकाला एजंट सगळं दाखवतो. मॉड्युलर किचन दाखवतो, गीझर दाखवतो, नळ सोडून पाणी दाखवतो. फक्त बाल्कनीचं दार काही उघडत नाही. एका रविवारी मात्र गिऱ्हाइकाने ते स्वतःच उघडलं. त्याच क्षणी डोक्यावरून एक एअरबस चाकं खाली सोडून गेली. तावदानं थरथरली. "थोडा आवाज येतो, पण सवय होते हो," एजंट ओशाळून म्हणाला. गिऱ्हाईक कठड्यावरून अर्धं बाहेर वाकलेलं होतं. "ही टू-सेव्हनची फायनल ना? सकाळचं ऊन कुठल्या बाजूने येतं इथे?"

एजंटने गिऱ्हाइकाच्या बायकोकडे पाहिलं. बायकोने छताकडे पाहिलं. तिला हे प्रश्न पाठ होते.

हा विमानटिप्या. जगभर त्याला स्पॉटर म्हणतात. पक्षी टिपणाऱ्याला समाजात मान आहे. तो पहाटे चारला उठून चिखलात पालथा पडला, तरी लोक त्याला निसर्गप्रेमी म्हणतात. विमान टिपणारा तेवढ्याच पहाटे उठतो, तेवढीच महागडी लेन्स गळ्यात अडकवतो आणि उन्हात तेवढाच भाजून निघतो. पण त्याच्या वाट्याला एकच प्रश्न येतो. "कशाला?"

विमानात बसायची त्याला फारशी हौस नसते. आत बसलं की बाहेरून विमान दिसत नाही, अशी त्याची तक्रार. आपण विमानाला गाडी समजतो, तो माणूस समजतो. आणि माणसाला नाव असतं, तसा विमानाला नंबर असतो. भारतातल्या प्रत्येक नागरी विमानाच्या अंगावर 'व्हीटी' आणि पुढे तीन अक्षरं रंगवलेली असतात. आपल्याला आकाशात एक विमान दिसतं. त्याला व्हीटी-जेआरए दिसते, म्हणजे एअर इंडियाचं पहिलं ए-३५०. ते डिसेंबर २०२३ मध्ये देशात आलं आणि त्या नंबरात जेआरडी टाटांच्या नावाची अक्षरं आहेत, हे तो जेवताना, कुणी विचारलेलं नसताना सांगतो. स्वतःच्या स्कूटरचा नंबर त्याला पार्किंगच्या पावतीवर बघून लिहावा लागतो.

त्याची भाषाही वेगळी. नंबर म्हणजे 'रेजी', रुंद पोटाचं मोठं विमान म्हणजे 'हेवी', विमानाची रंगसंगती म्हणजे 'लिव्हरी'. "आज नवीन लिव्हरी आली मुंबईत," असं तो फोनवर आनंदाने ओरडला, तेव्हा शेजारच्या काकूंनी काळजीने विचारलं होतं, "कुणाला बसवणार?" पुढे एअर इंडिया एक्स्प्रेसने २०२३ च्या ऑक्टोबरात आपली नवी रंगसंगती आणली आणि विमानांच्या शेपटांवर बांधणी, अजरख, पटोला, कांजीवरम, कलमकारी अशी वस्त्रांची नक्षी काढायला घेतली. बांधणी कुठली आणि पटोला कुठला, हे बायकोने लग्नापासून समजावूनही ज्याच्या डोक्यात शिरलं नव्हतं, तो आता लांबवरून शेपूट बघून म्हणतो, "पटोला येतोय." बायको म्हणते, साडी नेसून धावपट्टीवर पळाले असते, तर एव्हाना माझ्याकडेही लक्ष गेलं असतं.

मुंबईतलं त्याचं देवस्थान म्हणजे कुर्ला-अंधेरी रस्त्यालगतची जरीमरीची टेकडी. मुंबई विमानतळाच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात. त्यातल्या मोठीच्या एका टोकाचं नाव ०९ आणि दुसऱ्याचं २७. हे आकडे होकायंत्रातून आले आहेत. २७ म्हणजे २७० अंश, म्हणजे पश्चिमेकडे तोंड. विमान वाऱ्याला सामोरं जाऊन उतरतं. मुंबईत वर्षातला बराच काळ वारा समुद्रावरून येतो, म्हणून विमानं घाटकोपर-कुर्ल्याच्या डोक्यावरून येऊन २७ वर टेकतात. दिवसाला नऊशेच्या घरात विमानं चढतात-उतरतात. त्यामुळे टेकडीवर बसलेल्याला डबा उघडायची सोय नाही. पोळीचा तुकडा भाजीला लावेपर्यंत पुढचं येतं.

टेकडीवर पतंग उडवणारी पोरं असतात, बकऱ्या असतात, आणि त्यांच्यात हा, डोक्यावर क्रिकेटची टोपी घालून, मोबाइलवर फ्लाइटरडारचा नकाशा उघडून बसलेला. विमान आपली जागा, उंची आणि वेग रेडिओवरून सतत सांगत असतं. ते ऐकणारी छोटी यंत्रं हौशी लोकांनी जगभर आपापल्या गच्च्यांवर लावलेली आहेत आणि त्यांच्या जिवावर हा नकाशा चालतो. आपल्या विमानटिप्याच्या गच्चीवरही तसा एक ॲन्टेना आहे. सोसायटीच्या सभेत 'तो दांडा कसला' हा विषय दोनदा येऊन गेला.

फोटो काढण्याचं शास्त्र सांगायला त्याला अख्खी दुपार लागते, आणि दुपारी त्याला दुसरं काम नसतं. कारण दुपारी धावपट्टी तापते, तिच्यावरची गरम हवा हलते आणि फोटोतलं विमान पाण्यात पडल्यासारखं लिबलिबीत दिसतं. म्हणून खरं काम सकाळी. जेट विमान सोपं. सेकंदाच्या हजाराव्या भागात शटर उघडून मिटलं की विमान जागच्या जागी गोठतं. खरी परीक्षा एटीआरची. हे सत्तरेक प्रवाशांचं पंख्याचं विमान. त्याच्या एकेका पंख्याला सहा पाती. हजाराव्या भागात फोटो काढला तर पंखाही गोठतो, सहाच्या सहा पाती मोजून घ्यावीत अशी दिसतात आणि विमान हवेत बंद पडल्यासारखं वाटतं. पंखा फिरताना दिसायला हवा असेल, तर शटर सेकंदाच्या सव्वाशेव्या भागापर्यंत उघडं ठेवावं लागतं. तेवढ्या वेळात विमानही पुढे सरकतं, म्हणून श्वास रोखून, कमरेतून वळत, विमानाच्या वेगानेच कॅमेरा फिरवायचा. पन्नासातले एकोणपन्नास फोटो हलतात. उरलेल्या एकात विमानावरचा नंबर कोरल्यासारखा स्पष्ट असतो आणि पंख्याच्या जागी नुसतं धूसर वर्तुळ असतं. असा फोटो त्याने घरी दाखवला की मुलगा म्हणतो, "बाबा, हे ब्लर आलंय."

विमानांचे फोटो जमवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संग्रहांत आपला फोटो लागावा, ही त्याची महत्त्वाकांक्षा. तिथले परीक्षक म्हणजे जुन्या काळचे सासरे. फोटो मऊ आहे, विमान मध्यभागी नाही, उजवीकडे वर धुळीचा ठिपका आहे, क्षितिज अर्ध्या अंशाने तिरकं आहे, अशी कारणं देऊन ते फोटो परत पाठवतात. त्यामुळे याच्या डोळ्यांनाच पाणसळ बसली आहे. सासुरवाडीला गेला की पाया पडण्याआधी तो भिंतीवरच्या पूर्वजांच्या तसबिरी सरळ करतो.

घरचे खरे सुटीवर असतात ते फक्त गोव्यात. दाबोळीचं विमानतळ नौदलाच्या तळावर आहे. तिथे कॅमेरा काढायची सोय नाही. पुण्याचं लोहगाव वायुदलाचं, तिथेही तेच. त्याचे हात शिवशिवतात, पण कॅमेरा पिशवीत राहतो आणि सामानाच्या पट्ट्याशी नवरा प्रथमच बायकोशेजारी उभा असतो. पुतण्याकडे लंडनला गेले तेव्हा मात्र निभाव लागला नाही. सगळे थेम्स बघायला गेले. हा हीथ्रोला लागून असलेल्या मर्टल ॲव्हेन्यूच्या हिरवळीवर सहा तास बसला. घरांच्या कौलांवरून विमानं येतात ती तिथली प्रसिद्ध जागा. परतल्यावर लंडन कसं आहे असं विचारलं, तर म्हणाला, "तिथेही टू-सेव्हनच आहे. फक्त डावी-उजवी अशा दोन आहेत."

'कशाला?' या प्रश्नाने त्याच्या जातभाईंना चांगलंच पोळलं आहे. २००१ च्या नोव्हेंबरात ग्रीसमध्ये कालामाता इथल्या हवाई तळावर १२ ब्रिटिश आणि २ डच स्पॉटरांना हेरगिरीच्या आरोपाखाली पकडलं. आम्ही हौसेखातर विमानांचे नंबर वहीत टिपतो, असं ते जीव तोडून सांगत होते. सुटी काढून, तिकिटाचे पैसे भरून, दुसऱ्या देशात जाऊन कुणी नंबर टिपतं, हे तिथल्या अधिकाऱ्यांच्या गळी उतरेना. एप्रिल २००२ मध्ये शिक्षा झाली. नोव्हेंबरात अपिलात सगळे सुटले. २०१० साली दिल्लीत दोन ब्रिटिश स्पॉटरांनी विमानतळाजवळच्या हॉटेलात धावपट्टी दिसेल अशी खोली मागितली आणि संशयावरून ते गजाआड गेले. आपल्याकडे १९३७ च्या विमान नियमांतला १३ वा नियम परवानगीशिवाय विमानतळावर फोटो काढायला मनाई करतो. तो नियम याला तोंडपाठ आहे. 'विमानतळावर' या शब्दावर बोट ठेवून तो म्हणतो, "टेकडी विमानतळाच्या बाहेर आहे." म्हणतो, पण आवाज जरा खाली आणून.

आयुष्यात एकदाच त्याच्या छंदाला लोकमान्यता लाभली. जानेवारी २०२४ मध्ये मरीन ड्राइव्हवर वायुदलाची कसरत झाली. सूर्यकिरण पथकाची हॉक विमानं आणि मोराच्या रंगात रंगवलेली सारंगची हेलिकॉप्टरं बघायला मुंबई कठड्यावर लोटली. हजारो माणसं माना वर करून, मोबाइल उंचावून उभी. त्या दिवशी त्याला कुणी वेडा म्हटलं नाही, पण त्याचा जीव रमला नाही. समोर लोकांचे हात येत होते. विमानं गेली की लोक टाळ्या वाजवत होते. याचे दोन्ही हात कॅमेऱ्यात अडकलेले. शेवटी तो गर्दी सोडून चौपाटीच्या वाळूवर जाऊन बसला. १८९५ साली शिवकर बापूजी तळपद्यांनी याच चौपाटीवर विमान उडवलं, ही कथा मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. लोक तिच्यावर संस्कृतातून आणि विज्ञानातून भांडतात. याचा आक्षेप एवढाच, की त्या काळी मुंबईत फोटो स्टुडिओ होते. एकालाही एक काच खर्चावीशी वाटू नये?

मग २२ एप्रिल २०२४ उजाडला. एअर इंडियाचं शेवटचं जंबो, व्हीटी-ईव्हीए, नाव 'आग्रा', मुंबईतून अमेरिकेकडे कायमचं निघणार होतं. कंपनीचं पहिलं जंबो 'सम्राट अशोक' १९७१ साली आलं, तेव्हापासून खिडक्यांभोवती लाल महिरपी रंगवलेली ही विमानं मुंबईच्या आभाळाची ओळख होती. याने रजेच्या अर्जात 'जुन्या स्नेह्यास निरोप' असं कारण लिहिलं. ते खोटं नव्हतं. साहेबांनी सही करताना विचारलं, "वय काय होतं?" हा म्हणाला, "अठ्ठावीस-तीस." साहेब हळहळले.

जंबो उडालं. थोडं वर गेल्यावर वैमानिकाने एक पंख खाली झुकवला, मग दुसरा, आणि शहराचा निरोप घेतला. याने एका दमात दोनशे फोटो काढले. त्यातला सर्वांत चांगला, पंख पुरता झुकलेला असतानाचा, रात्रभर जागून त्याने संग्रहाकडे पाठवला. आठवड्याने उत्तर आलं. विमान तिरकं आहे.

त्याच उदास आठवड्यात तो टेकडीवर बसला होता. भर दुपार, हवा लिबलिबीत, फोटो निघण्याची आशा नाही. एक हवालदार धापा टाकत वर आले.

"काय चाललंय?"

"विमानांचे फोटो काढतो, साहेब."

"कशाला?"

इथे त्याची वाचा नेहमी बसते. छंद म्हटलं तर संशय वाढतो, आवड म्हटलं तर आणखी वाढतो. त्याने मुकाट्याने मोबाइल पुढे केला. हवालदारांचं बोट काचेवरून सरकत गेलं. बोइंग गेली, एअरबस गेल्या, मर्टल ॲव्हेन्यू गेला, निरोप घेणारं जंबो गेलं. चेहऱ्यावरची रेषा हलली नाही. मग बोट एका फोटोवर थांबलं.

"हे छोटं कुठलं?"

"एटीआर. चिपीहून येतं."

"आमच्या चिपीचं?" हवालदार कुडाळचे निघाले. ऑक्टोबर २०२१ मध्ये सिंधुदुर्गाचं हे विमानतळ सुरू झालं तेव्हा त्यांचे वडील खुर्चीवर बसून टीव्हीवर पहिलं विमान उतरताना बघत होते. त्यांनी दोन बोटांनी फोटो मोठा केला. नंबर ओलांडला, खिडक्या ओलांडल्या आणि इंजिनापाशी येऊन थबकले.

"अरे, पंखो फिरता हा!"

विमानटिप्याच्या घशात काहीतरी अडकलं. "एक भागिले सव्वाशे," तो कसाबसा म्हणाला.

"ह्यो माका धाडा," हवालदारांनी नंबर सांगितला. मग त्यांना आपण कशासाठी वर आलो ते आठवलं. आवाज जड करून ते म्हणाले, "आणि पाच मिनिटांत खाली उतरा. इथे थांबायचं नाही."

"उतरतो, साहेब. फक्त सात मिनिटांनी एक हेवी येतंय."

"हेवी म्हणजे?"

"मोठं."

हवालदारांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं, टोपी काढून घाम पुसला आणि दगडाच्या सावलीला सरकले.

"सात म्हणजे सातच ना?"