वजन सांगा, मग स्प्रिंग मागा

पावसाळा सरला की नवी मुंबईत तुर्भे, नेरूळ, कोपरखैरण्याच्या गॅरेजांत एकच मागणी ऐकू येते: पुढचे शॉकअप बसलेत, हार्ड स्प्रिंग टाका. मेकॅनिक टाकून देतो. बाइक पुढून उंच दिसते, ब्रेक दाबला की खाली झुकत नाही, गिऱ्हाईक खूश. पुढे मनगटं दुखायला लागतात आणि हँडलचा कोनसेट खडखडू लागतो. जो दणका स्प्रिंगनं गिळायचा, तो आता हाडांना आणि बेअरिंगला बसतो.

मागणीच चुकीची आहे. स्प्रिंग खड्डे मोजून निवडायची नसते, गाडीवर येणारं वजन पाहून निवडायची असते. पंचावन्न किलोची मुलगी एकटी ऐरोलीहून वाशीला येते. नव्वद किलोचा माणूस मागे बायकोला आणि टाकीवर किराण्याची पिशवी घेऊन घणसोलीला जातो. दोघांना एकच ‘हार्ड’ स्प्रिंग देणं हा शुद्ध आळस आहे. हलक्या माणसाखाली कडक स्प्रिंग दबतच नाही, चाक उखडलेल्या डांबरावर उड्या मारतं. हवेत उडालेल्या चाकाला ब्रेक लागत नाही.

दुकानात अंगठ्यानं दाबून स्प्रिंग पारखणाऱ्यांनी एक हिशेब ऐकावा. वेटोळ्यांची संख्या आणि घेर तोच ठेवून तार फक्त दहा टक्के जाड केली, तर कडकपणा जवळजवळ दीडपट होतो, कारण तो तारेच्या जाडीच्या चौथ्या घातानं वाढतो. एवढासा फरक डोळ्याला दिसतही नाही. काही जण जुनीच स्प्रिंग कापतात. दहा वेटोळ्यांतलं एक गेलं की ती सुमारे अकरा टक्के कडक होते, पण आखूडही होते. मग ती जागा भरायला वर बुश घालतात. बुशमुळे गाडी उंच होते, स्प्रिंग कडक होत नाही. हे दोन वेगळे गुण आहेत आणि बिलात मात्र दोन्ही ‘हार्ड’ म्हणूनच लागतात.

मोजायचं कसं? शॉकअपच्या चकचकीत पाइपला एक केबल टाय बांधा. पुढचं चाक अधांतरी धरून टाय सीलला टेकवा. मग चाक टेकवून, रोजच्या सामानासकट सावकाश बसा, पाय वर घ्या, गाडी दुसऱ्यानं धरावी. अलगद उतरून चाक पुन्हा अधांतरी करा आणि टाय किती सरकला ते पाहा. चाकाच्या एकूण वरखाली हालचालीच्या पाव ते एक तृतीयांश इतकं दबणं ठीक. त्याहून बरंच जास्त दबलं तर स्प्रिंग नरम, फारच कमी दबलं तर कडक. केबल टाय, मोजपट्टी आणि एक सोबती, याखेरीज काही लागत नाही. हे केल्याशिवाय स्प्रिंग विकणाऱ्याकडून मी घेणार नाही.

आणि स्प्रिंग बदलण्याआधी तेल पाहा. स्प्रिंग धक्का साठवते, तो जिरवतं तेल. आपल्याकडे खाडीची खारी हवा आहे. पाइपवर गंजाचे ठिपके पडतात, ते सीलची कड कापतात, तेल झिरपतं, आणि दोष मात्र स्प्रिंगवर येतो. झिरपलेलं तेल ब्रेकच्या डिस्कवर पोहोचलं तर जिवावर बेतेल. म्हणून नवं सील, कंपनीनं सांगितलेल्या जाडीचं तेल, दोन्ही नळ्यांत सारखं. स्प्रिंगची सुटी लांबी सर्व्हिस मॅन्युअलमधल्या मर्यादेशी ताडून पाहावी. ती खाली गेली असेल किंवा दबण्याचं माप चुकत असेल तरच नवी, आणि घ्यायची ती जोडीनंच.

  

मग खड्ड्यांचं काय? त्यांचा जाब रस्त्याच्या मालकाला विचारायचा. पाम बीच रोड महापालिकेचा, शीव-पनवेल महामार्ग सार्वजनिक बांधकाम खात्याचा. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं खड्ड्यामुळे मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख रुपये, जखमी झाल्यास ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई ठरवून दिली आणि ती रक्कम जबाबदार अधिकारी व कंत्राटदारांकडून वसूल करायला सांगितलं. हा हक्क किती जणांना ठाऊक आहे? गॅरेजच्या भिंतीवर तेलाच्या जाहिरातीशेजारी तो मोठ्या अक्षरांत लावायला हवा. कुणी पडलं, तर जखमीला दवाखान्यात नेणाऱ्याच्या सोबत्यानं मागे थांबून खड्ड्याचा फोटो काढावा, जवळचा खांब किंवा पाटी त्यात येईल असा. दुसऱ्या दिवशी खडी टाकून तो खड्डा बुजवला, तर दाखवायला काही उरत नाही.